पतसंस्थांच्या संचालक मंडळांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय अध्यक्षमहाशय व संचालक मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी पतसंस्था.



पतसंस्थेच्या मासिक सभेची इतिवृत्ते चाळण्याचा योग ज्याला वारंवार आला आहे, त्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. ती ही की, संस्थेला दीर्घकाळ बांधून ठेवणारे निर्णय पुष्कळदा विषयपत्रिकेच्या तळाशी, 'माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदराखाली, चहाचे कप उचलले जात असताना आणि शेवटची एस.टी. गाठण्यासाठी दोघेतिघे संचालक पिशवी सावरीत असताना, एकमताने मंजूर झालेले असतात. सभासदांसाठी मोबाइलचे ॲप करून घेण्याचा ठराव मी ज्या ज्या संस्थेच्या दप्तरात पाहिला, तेथे तो बहुधा याच सदरात सापडला. आणि त्याची भाषाही जणू एकाच साच्यातून काढलेली होती. अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही प्रकारच्या फोनवर चालणारे ॲप अमुक कंपनीकडून, तिचे दरपत्रक सर्वांत कमी असल्याने, तयार करून घ्यावे, इतकेच. कोणत्या साधनाने, कोणाच्या नावावर, किती वर्षांच्या हमीवर, आणि कंपनीने उद्या दुकान बंद केले तर पुढे काय, यांपैकी एकाही प्रश्नाची नोंद नाही. पन्नास हजारांच्या कर्जासाठी दोन जामीनदार आणि सात-बाराचा उतारा मागणारे मंडळ याच एका बाबतीत इतके भोळे कसे होते, याचे मला नवल वाटत आले आहे.

माझी उमेदीची वर्षे आज्ञावल्या लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर, सल्ला विनामूल्य मिळतो म्हणूनच असेल, तीनचार पतसंस्थांकडून मला अधूनमधून बोलावणे येते. पुढील मजकुरास आधार तेवढाच आहे.

ठरावातील 'दोन्ही प्रकारच्या फोनवर' या शब्दांत सगळी मेख आहे. गूगलच्या अँड्रॉइडसाठी लिहावयाचे तर भाषा कोटलिन किंवा जावा, ॲपलच्या आयफोनसाठी लिहावयाचे तर स्विफ्ट, आणि एकीत लिहिलेले दुसरीकडे चालत नाही. म्हणजे एकच खतावणी दोन कारकुनांनी दोन लिप्यांत लिहावी, दोघांना पगार द्यावा आणि महिनाअखेर दोन्ही जुळतात की नाही हे तपासण्यासाठी तिसरा ठेवावा, असा हा व्यवहार होतो. तो टळावा म्हणून एकदा लिहून दोन्हीकडे चालविण्याची साधने निर्माण झाली, आणि आपल्याकडे येणारा प्रत्येक विक्रेता त्यांपैकी कोणत्या ना कोणत्या साधनाचे नाव घेऊनच येतो.

ही साधने काय करतात हे कळण्यासाठी जुन्या संगीत नाटक मंडळ्यांची आठवण करावी. एक मंडळी अशी की, ती नट आपले आणते, पण पडदे, दिवे, बैठक हे सारे त्या गावच्या थिएटरचे वापरते, आणि नटांचे म्हणणे थिएटरच्या नोकरांना सांगण्यासाठी मध्ये एक दुभाष्या ठेवते. फेसबुकने २०१५ साली सर्वांना खुले केलेले रिॲक्ट नेटिव्ह या जातीचे. फोनची स्वतःचीच बटणे, स्वतःचीच अक्षरे ते वापरते, म्हणून ॲप त्या फोनच्या घरचे वाटते. मात्र दुभाष्याची धावपळ फार झाली की खेळ अडखळे, ही तक्रार वर्षानुवर्षे होती, आणि ऑक्टोबर २०२४ च्या ०.७६ या आवृत्तीपासून त्या दुभाष्याला टाळणारी नवी रचना आपोआप लागू होऊ लागली. (इतकी वर्षे लोटूनही आवृत्तीचा आकडा शून्याच्या पुढे सरकलेला नाही, पण या धंद्यात आकड्यांवरून वय ओळखू नये.) दुसरी मंडळी पडदे, झालरी, दिवे, गालिचे, सारे वाघिणीत भरून बरोबर आणते आणि गावाकडून केवळ मोकळी जागा मागते. गूगलचे फ्लटर, ज्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये निघाली, हे असे आहे. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका ते स्वतः रंगविते, त्यामुळे नाशिकला जसे दिसते तसेच नांदेडला दिसते. तिसरी रीत कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मची, जिला जेटब्रेन्स कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून जाहीर केले. तिच्यात संहिता एक, नेपथ्य मात्र वाटल्यास ज्या त्या गावचे. आणि यांच्याही आधीची फोनगॅपची रीत, ज्याचा खुला अवतार कॉर्डोव्हा या नावाने आजही आहे, ती म्हणजे ॲपच्या वेषातली वेबसाइटच. स्वस्तात ॲप करून देतो असे कोणी म्हटले तर आत बहुधा हीच असते, आणि साध्या कामाला ती वाईटही नाही.

विक्रेता या तुलनेतच आपल्याला गुंतवून ठेवतो. एअरबीएनबीने २०१८ साली रिॲक्ट नेटिव्ह सोडले, अमुक कंपनीने फ्लटर घेतले, अशी उदाहरणे तो फेकतो. पण शेकडो अभियंते पदरी बाळगणाऱ्या कंपनीने काय सोडले यावरून तीन शाखांच्या पतसंस्थेने काय धरावे हे ठरत नाही. साधन वेगवान किती, सुबक किती, यापेक्षा ते मेल्यावर आपले काय होईल हा प्रश्न मला मोठा वाटतो, कारण ही साधने मरतात, आणि मोठ्या घरची असली तरी मरतात. झामारिन हे साधन मायक्रोसॉफ्टने २०१६ साली विकत घेतले तेव्हा आता याला मरण नाही असे आम्हीच लोकांना सांगत होतो. १ मे २०२४ रोजी त्याचा आधार काढून घेण्यात आला. वारस म्हणून माउई नावाचे साधन पुढे केले होते खरे, पण ज्यांची ॲपे झामारिनमध्ये होती त्यांना स्थलांतराचा खर्च स्वतःच सोसावा लागला. फोनगॅपची ॲप बांधून देणारी सेवा ॲडोबीने ऑक्टोबर २०२० मध्ये बंद केली. पार्स या नावाची सेवा, जी ॲपच्या मागचा सर्व दप्तरखाना सांभाळीत असे, फेसबुकने २०१३ साली घेतली, जानेवारी २०१६ मध्ये ती मोडीत काढण्याचे जाहीर केले आणि वर्षभराची मुदत देऊन जानेवारी २०१७ च्या अखेरीस कुलूप लावले. मायक्रोसॉफ्टच्या ॲप सेंटरवर अनेक लहान कंपन्या ॲप बांधणे, तपासणे आणि ॲपच्या दुकानात न जाता परस्पर दुरुस्ती पोहोचविणे ही कामे सोपवून निश्चिंत होत्या. ३१ मार्च २०२५ रोजी तेही निवृत्त झाले. गूगलची डायनॅमिक लिंक्स ही ॲपकडे नेणारे दुवे देणारी सेवा त्याच वर्षीच्या २५ ऑगस्टला गेली, आणि तिच्या दुव्यांचे छापलेले क्यूआर कोड शाखांच्या भिंतींवर तसेच राहिले.

त्यातही मरणामरणात फरक आहे. पार्स बंद करताना त्याची आज्ञावली खुली करण्यात आली, म्हणून ज्यांच्याजवळ माणूस होता त्यांनी तोच दप्तरखाना आपल्या यंत्रावर मांडून पुढे चालविला. कुळाने जमीन सोडताना विहीर बुजविली की उघडी ठेवली, इतका हा भेद महत्त्वाचा आहे. म्हणून साधन निवडताना त्याची आज्ञावली खुली आहे काय, हे मी पहिल्यांदा विचारतो. रिॲक्ट नेटिव्ह, फ्लटर, कोटलिन ही तिन्ही या कसोटीला उतरतात. भाड्याच्या सेवा बहुतेक उतरत नाहीत.

परंतु साधन जगले तरी संस्था बुडू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. संस्थेचे नाव सांगत नाही, आणि ॲप करून देणाऱ्या कंपनीचेही नाही. २०१८ साली करून घेतलेले त्यांचे पासबुकाचे ॲप चांगले चालले होते. गूगल दरवर्षी अशी सक्ती करते की, नवी दुरुस्ती पाठवावयाची तर ॲप अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीला अनुसरून बांधलेले असले पाहिजे. ती वेळ आली तेव्हा कंपनीला पत्र गेले, आणि असे निष्पन्न झाले की ज्या तरुणाने ते ॲप लिहिले तो नोकरी सोडून हिंजवडीला गेला होता आणि त्याचा लॅपटॉप साफ करून दुसऱ्याला देण्यात आला होता. आज्ञावली कोठून तरी मिळाली. मिळाली नाही ती एक लहानशी फाइल. अँड्रॉइडवरील प्रत्येक ॲपवर त्याच्या कर्त्याचे अंकरूप शिक्कामोर्तब असते, आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच मोहोरेने आली तरच फोन ती स्वीकारतो. त्या मोहोरेची किल्ली या फाइलमध्ये होती. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपांची मोहोर गूगलने स्वतःकडे सांभाळण्याची व्यवस्था बंधनकारक केली आहे, पण हे ॲप त्याआधीचे होते आणि जुन्या रीतीनेच चालले होते. किल्ली गेली म्हणजे ॲप गेले. त्याच चेहऱ्याचे दुसरे ॲप नव्या ओळखीने दुकानात मांडावे लागले, आणि 'जुने काढून नवे घ्या' असा संदेश सर्व सभासदांना पाठविण्यात आला.

पुढे जे झाले ते मी शाखेत बसून पाहिले. खोट्या ॲपांपासून सावध राहा, संदेशातील दुव्यावर बोट ठेवू नका, असे फलक याच संस्थेने दोन वर्षे लावले होते. त्यामुळे शहाण्या सभासदांनी तो संदेश फसवणुकीचा मानला, आणि त्यांनी तसे मानले हे योग्यच केले. सोमवारी सकाळी दहाला शटर वर गेले तेव्हा वीसपंचवीस माणसे फोन हातात धरून उभी होती. एक निवृत्त शिक्षक आपले छापील पासबुकही घेऊन आले होते, आणि लिपिक त्यांचा फोन हातात घेऊन नवे ॲप बसवीत असताना ते पासबुकातील शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवीत होते. आकडा जुळल्यावरच त्यांनी फोन परत घेतला. तीन आठवडे शाखेचा निम्मा वेळ या कामी गेला.

अध्यक्षमहाशय, आपल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, एकजण रजेवर गेला की किल्ली रजिस्टरात सही घेऊन तिसऱ्याकडे जाते, आणि लेखापरीक्षक ते रजिस्टर पाहतो. ही शिस्त आपल्या अंगवळणी पडलेली आहे, कोणी परक्याने शिकवावी अशी नाही. मग ॲपची मोहोर, गूगलच्या आणि ॲपलच्या दुकानांतील खाती, सर्व्हरचे परवलीचे शब्द आणि ॲपच्या नावाचे डोमेन, या चार किल्ल्या एका परगावच्या कंपनीतल्या, आपण कधी न पाहिलेल्या मुलाच्या खिशात का असाव्यात? गूगलच्या दुकानात खाते उघडण्यास एकदाच २५ डॉलर, ॲपलच्या दुकानात दरसाल ९९ डॉलर लागतात. एवढ्या रकमेसाठी विक्रेत्याच्या खात्यावर आपले ॲप मांडणे म्हणजे भाडे वाचविण्यासाठी ठेवींची रोकड शेजारच्या दुकानदाराच्या कपाटात ठेवणे होय. शिवाय ॲपलचा नियमच असा आहे की, एका साच्यातून काढलेली ॲपे, ज्याचा मजकूर त्यात आहे त्या संस्थेने स्वतः सादर केल्याखेरीज, नामंजूर होतात. आणि पतसंस्थांची ॲपे साच्यातूनच निघतात, हे आपण आणि मी दोघेही जाणतो.

आता पिग्मीविषयी, कारण या विषयात माझे मन अधिक रमते. रोज दोन आणे गोळा करणारी ही योजना उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने १९२८ साली काढली, आणि पुढे ती आपल्या पतसंस्थांच्या इतकी अंगी लागली की कित्येकांच्या ठेवींचा पाया आजही पिग्मी एजंटच्या पायांवर उभा आहे. या एजंटसाठीही ॲप हवे असते, आणि विक्रेता सांगतो की दोन्ही ॲपे एकाच साधनात करू. येथे माझे मत उलटे आहे. भाजी मंडईत दुपारी बारा ते चार फिरणाऱ्या ज्या एजंटांबरोबर मी हिंडलो, त्यांच्यापैकी एकाच्याही हातात आयफोन नव्हता. ज्याला एकाच दाराने जावयाचे आहे त्याला दोन दारांची किल्ली विकण्यात स्वार्थ विकणाऱ्याचाच. त्यातून एजंटच्या ॲपचे काम फोनच्या आतड्यांशी आहे. गाळ्यांच्या आतल्या बोळात नेटवर्क नसते, तेव्हा पावती फोनमध्येच साठवून संध्याकाळी पाठवावी लागते, आणि कमरेला अडकविलेल्या लहान छपाईयंत्राशी ब्लूटूथने बोलावे लागते. त्या यंत्राशी बोलणारा प्लगइन नावाचा जोडतुकडा फ्लटरसाठी आणि रिॲक्ट नेटिव्हसाठी फुकट मिळतो खरा, पण तो बहुधा कोणा एकट्या माणसाने हौसेने लिहिलेला असतो, आणि त्याची हौस संपली की त्याची दुरुस्ती थांबते. एका संस्थेत आम्ही असा तुकडा उघडून पाहिला, तर शेवटचा हात फिरून चार वर्षे झाली होती. एजंटचे ॲप सरळ कोटलिनमध्ये, केवळ अँड्रॉइडसाठी लिहून घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

याच छपाईयंत्राने मला मराठीचाही एक धडा दिला. पावतीवर शाखेचे नाव 'कऱ्हाड' यावयाचे होते. निघाले ते र आणि ह यांची फारकत झालेले, मध्ये पाय मोडलेले, असे काही की दुकानदाराने पावती उलटी करून पाहिली. स्वस्त छपाईयंत्रांना देवनागरीची जोडाक्षरे येत नाहीत; ॲपने सगळी पावती चित्र म्हणून रंगवून पाठविली तरच ती नीट उमटते. फोनच्या पडद्यावरही प्रकरण अगदी निर्विवाद नाही. शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले, पण अक्षरसंचात ती रूपे असली आणि ॲपने आपली भाषा मराठी असल्याचे सांगितले, तरच ती दिसतात; एरवी हिंदीची दिसतात. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात सगळा मजकूर इंग्रजीत असतो. त्याला तेथल्या तेथे 'कऱ्हाड', 'गोऱ्हे', 'शिल्लक' हे तीन शब्द टंकायला सांगावे, आणि बारा लाख रुपयांची रक्कम १२,००,००० अशी येते की १,२००,००० अशी, हेही पाहावे. पाच मिनिटांत विक्रेत्याची निम्मी परीक्षा होते.

सभासदांच्या पासबुकाच्या ॲपसाठी मात्र दोन्हीकडे चालणारे साधन घ्यावे, कारण सभासदांची मुले पुण्याला आणि परदेशी आयफोन वापरतात आणि आईवडिलांचे खाते तीच पाहतात. फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह, हे मला विचाराल तर अक्षरसंच बरोबर नेता येत असल्यामुळे आणि हलक्या फोनवरही दिसणे एकसारखे राहत असल्यामुळे माझा कल फ्लटरकडे आहे; परंतु आपल्या जिल्ह्यात फ्लटर जाणणारा एक आणि रिॲक्ट नेटिव्ह ज्या भाषेत लिहितात ती जावास्क्रिप्ट जाणणारे दहा असतील, तर कल बाजूला ठेवून रिॲक्ट नेटिव्ह घ्यावे, कारण पहिला माणूस गेल्यावर दुसरा मिळण्याची सोय हीच लहान संस्थेची खरी विमा पॉलिसी आहे. यापेक्षाही मोठी गोष्ट ही की, व्याजाची आकारणी, दंड, मुदतपूर्व कपात, हे नियम ॲपच्या पोटात लिहू देऊ नयेत. ते संस्थेच्या सर्व्हरवर असावेत आणि ॲपने केवळ विचारून दाखवावे. काउंटरची खिडकी बदलली म्हणून आतल्या टेबलावरची खतावणी बदलावी लागत नाही. ॲप ही खिडकी आहे, आणि पाचसात वर्षांनी ती बदलावी लागणारच आहे असे धरूनच अंदाजपत्रकात तरतूद करावी.

भाड्याच्या सेवांबद्दल थोडक्यात. सूचना पाठविण्यासाठी गूगलची सेवा घेण्यास हरकत नाही, तिला अँड्रॉइडवर सोयीचा पर्याय फारसा नाहीच. पण सभासदांच्या नोंदी ज्या दप्तरखान्यात राहावयाच्या, त्याचे ठिकाण पहिल्या दिवशीच मुंबई निवडावे. गूगलच्या फायरस्टोअरसारख्या सेवेत एकदा निवडलेले ठिकाण पुढे बदलता येत नाही, आणि विक्रेते घाईत जे आधी दिसेल ते निवडतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने या नोंदींची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे, विक्रेत्याच्या नावाने बोट दाखवून ती टळणार नाही. आणि प्रत्येक सेवेतून आपल्या नोंदी बाहेर काढून घेण्याची रीत करारनाम्याच्या मसुद्यात लिहून घ्यावी, आणि वर्षातून एकदा खरोखर काढून पाहावी.

सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची असते. त्या सभेच्या छापील विषयपत्रिकेवर, लेखापरीक्षकाच्या नेमणुकीच्या लगतच, ॲपच्या चार किल्ल्या संस्थेच्या नावावर आहेत काय आणि त्या कोणत्या दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यात आहेत, हा विषय क्रमांक घालून घ्यावा, आयत्या वेळचा म्हणून नव्हे, अशी माझी विनंती आहे. माझ्या स्वतःच्या पतसंस्थेत सूचक म्हणून माझे नाव लिहावे. अनुमोदक संचालक मंडळातून मिळाला तर बरे होईल.



आपला,
एक सभासद